पेन्सिलीतला भागाकार

मास्तर निवृत्त होणार होते म्हणून त्यांच्यावर दीड पान लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सव्वीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसल्याची ती शिक्षा असावी. मी पाच पानं लिहिली. साहेबांनी त्यातल्या सात ओळी ठेवल्या: जन्मतारीख, शिक्षण, नोकरीत लागल्याची तारीख, 'मनमिळाऊ स्वभाव' आणि शेवटी दीर्घायुष्याच्या शुभेच्छा. मनमिळाऊ हा शब्द माझा नव्हेच. ज्याच्याबद्दल साहेबांना काडीची माहिती नसते, तो त्यांच्याकडे मनमिळाऊ असतो. तेव्हा कापलेलं सगळं इथे पुन्हा लिहिते आहे. इथे कात्री माझी मीच.

आमचा कक्ष तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला, गळक्या नळाशेजारी. तीन टेबलं, चार कपाटं, आणि एक नकाशा, ज्याच्यावरच्या नद्या उन्हानं उडून गेल्यात. काम एकच. पलीकडच्या देशाची रेल्वे वर्षाला किती माल वाहू शकते, ते इथे बसून सांगायचं. लढाई झालीच तर रणगाडे, दारूगोळा, पिठाची पोती सगळं मालगाडीनंच येणार, म्हणून हा आकडा फार मोलाचा. पलीकडच्या देशात आमच्यापैकी कुणी पाऊल ठेवलेलं नाही. ते आपला आकडा सांगत नाहीत, आणि सांगितला तर आम्ही त्यावर विश्वास ठेवत नाही. तरी वर्षातल्या ठरलेल्या महिनाअखेरीला वार्षिक अहवाल वर गेलाच पाहिजे, आणि त्यात आकडा एकच पाहिजे. "अमुक ते अमुकच्या दरम्यान" असं लिहिलं की वरून शेरा येतो, 'नक्की काय ते कळवावे.' ज्यांना आपल्या घरातली साखर किती उरली ते नक्की सांगता येत नाही, ते हा शेरा मारतात.

मास्तर इथे येण्याआधी बारा वर्षं मालधक्क्यावर होते. म्हणून 'मास्तर'. पाठीमागे त्यांना सगळे 'मालगाडी' म्हणायचे, कारण मालगाडीसारखेच ते कायम बाजूच्या रुळावर उभे. मागून आलेला प्रत्येक जण बढती घेऊन पुढे गेला आणि मास्तर सिग्नलची वाट बघत राहिले. पण वाघीण त्यांना कळायची. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. फाटकापाशी उभं राहून ते धावत्या वाघिणीची स्प्रिंग बघायचे आणि सांगायचे, "ही भरलेली. ही रिकामी. ही अर्धवट भरून पैसे पूर्ण घेतलेली." रविवारी लहानग्या चिरंजीवांना खांद्यावर घेऊन ते रुळांकडे जायचे. दुसरी पोरं बागेत झोके घेत असताना हे पोर स्प्रिंगा बघत होतं.

आमची माहिती कुठून यायची, तेही एकदा सांगून टाकते. तिथल्या आपल्या वकिलातीतला एक गृहस्थ आगगाडीनं पलीकडे फिरायचा आणि खिडकीतून समोरून जाणाऱ्या वाघिणी मोजायचा. जेवल्यावर त्याला झोप लागायची, त्यामुळे दुपारी एक ते चार पलीकडची मालवाहतूक बंद असे. इंजिनांच्या फोटोंवरून आम्ही नंबर टिपायचो. सगळ्यात मोठा नंबर चार हजार चारशे अठरा, म्हणजे निदान तेवढी इंजिनं तरी असणारच, असं धरून आम्ही सहा वर्षं धास्तावलेले होतो. मग कळलं की त्यांनी नंबर तीन हजार एकपासून सुरू केले होते. एकदा वंगणाच्या टेंडरवरून हिशेब मांडला, तर वंगण मालगाड्यांचं नव्हतं, नगरपालिकेच्या पंपांचं होतं. अशा बारा गावच्या बारा गोष्टी एकत्र करून मास्तर आकडा काढायचे. त्या ढिगातूनही ते बऱ्यापैकी खरं काढायचे, ही त्यांची करामत. अर्थात ती कुणाला हवी होती?

आता ती गोष्ट. चोवीस वर्षांपूर्वीचा, त्या ठरलेल्या महिन्याचा शेवटचा दिवस. अहवाल संध्याकाळी पाचला वर जायचा होता. एका मोठ्या जंक्शनवरून महिनाभर जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्या वाघिणींची मोजणी प्रथमच हाती आली होती आणि मास्तर सकाळपासून मान खाली घालून गुणाकार करत होते. वाघिणी गुणिले टन गुणिले दिवस, सगळं धरून उत्तर नव्वद दशलक्ष टन. शेवटची एक पायरी उरली होती. कोळसा घेऊन भरलेली वाघीण एका बाजूला जाते आणि रिकामी होऊन परत येते. म्हणजे मोजलेल्यातल्या निम्म्या वाघिणींत हवा असते. मास्तरांनी नव्वदच्या शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, 'भागिले दोन'. शाईनं लिहिण्याआधी त्यांना वकिलातीचं एक पत्र पडताळून बघायचं होतं.

तेवढ्यात शिपाई धावत आला. "मास्तर, दवाखान्यातून फोन. मुलगा झाला, पण वहिनींची तब्येत बरी नाही, ताबडतोब या म्हणतायत."

मास्तरांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. "बाई, एवढं बघा," म्हणाले आणि छत्री तिथेच टाकून पळाले.

आमच्या कार्यालयाचा एक नियम आहे. शाईतलं टाइप करायचं, पेन्सिलीतलं नाही. पेन्सिल म्हणजे मनातलं, शाई म्हणजे सरकारी. माझ्या पहिल्याच महिन्यात मी एका साहेबांची पेन्सिलीतली शिवी इमानदारीनं टाइप केली होती, तेव्हापासून हा नियम माझ्या हाडात मुरलेला. मी कागद समोर घेतला आणि शाईत होतं ते टाइप केलं. नव्वद. पाचला पाच मिनिटं कमी असताना अहवाल वर गेला आणि मी स्वतःवर खूश होऊन घरी गेले. एवढं बघा म्हणाले होते. मी बघितलं.

वहिनी आठ दिवसांनी घरी आल्या आणि मास्तर कामावर. तोवर आमच्या साहेबांना वरून अभिनंदनाचं पत्र आलं होतं, कारण इतका घसघशीत आकडा यापूर्वी कुणी दिला नव्हता. मास्तर कागद घेऊन आत गेले आणि दहा मिनिटांत बाहेर आले.

"काय म्हणाले?" मी विचारलं. एव्हाना मला माझी चूक कळली होती.

"म्हणाले, पुढच्या वर्षी गुपचूप दुरुस्त करू."

"मास्तर, चूक माझी आहे. मी जाऊन सांगते."

"तुमची कशी, बाई? पेन्सिल माझी होती."

पुढच्या वर्षी साहेब बदलले. नव्या साहेबांनी नियम काढला की गेल्या वर्षीच्या आकड्यात दोन टक्के मिळवायचे म्हणजे वरून कुणी काही विचारत नाही. खरंच कुणी विचारलं नाही. मास्तर दरवर्षी एक टिपण लिहायचे, 'मूळ आकड्यास दोनने भागणे राहिले आहे', आणि ते अहवालाच्या पाठीमागे जोडलं जायचं. पाठीमागचं वाचायला सरकारात पद नाही. एकामागून एक सात साहेब झाले. चिरंजीव आणि आकडा बरोबरीनं वाढत गेले. पोराला दात आले, मिसरूड फुटलं, सक्तीचं सैनिकी शिक्षण झालं, राखीव दलात नाव लागलं आणि तो लिफ्ट दुरुस्त करायला लागला. आकडा एकशे बेचाळीसवर पोचला. पोरगा सरळमार्गी निघाला. आकड्याबद्दल तसं म्हणता येत नाही.

मधल्या काळात आकडा परदेशही फिरून आला होता. आमच्या चौथ्या साहेबांनी कुठल्याशा परिषदेत तो दिमाखात वाचून दाखवला. तिथून तो एका परदेशी वार्षिकात छापला गेला. वार्षिकावरून एका मासिकानं उचलला. आणि मासिक वाचून पलीकडच्या देशाच्या रेल्वेमंत्र्यानं सभागृहात छाती फुगवून सांगितलं, की आमची रेल्वे किती माल वाहते ते सारं जग मानतं! त्याच्या खात्यातल्या लोकांना खरा आकडा माहीत असणारच, पण दुपटीनं स्तुती होत असताना तोंड कोण उघडतो? अशा रीतीनं मास्तरांच्या आकड्याला तीन साक्षीदार मिळाले.

गेल्या वर्षी सीमेवर कुरबूर सुरू झाली. कशावरून, ते वर्तमानपत्रात चार प्रकारे छापून आलं. वरच्या समितीनं ठरवलं, की पलीकडची मालवाहतूक एकशे वीसच्या वर असेल तर धोका आहे, राखीव जवान बोलवा. खाली असेल तर निषेधाचं पत्र पाठवा. आमच्याकडे विचारणा आली. मास्तरांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. एकशे बेचाळीसचे निम्मे एकाहत्तर. एकाहत्तरला नुसतं पत्र जातं. एकशे बेचाळीसला पोरगा जातो.

मास्तर जन्मात पहिल्यांदा साहेबांच्या खोलीत न विचारता शिरले. दार उघडंच राहिलं, आणि मी कान बंद करायची तसदी घेतली नाही.

"साहेब, हा आकडा चुकलाय."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतोय. मीच काढलाय तो."

"मास्तर, तुम्ही एकटे. इथे फाइलीत तीन स्वतंत्र स्रोत आहेत. हे वार्षिक, हे मासिक, आणि हा खुद्द त्यांचा मंत्री."

"तिन्ही मीच आहे, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "अहो, त्यांच्या मंत्र्याला त्यांची रेल्वे माहीत नसेल?"

"त्यानं मासिक वाचलं. मासिकानं आपलं वाचलं."

"म्हणजे वाचून मान्य केलं ना? मग झालं तर!" साहेबांनी आवाज खाली आणला. "आणि तुमचा मुलगा राखीव दलात आहे, नाही का? नेमका आत्ताच आकडा निम्मा केला तर लोक काय म्हणतील? तुमच्या चांगल्यासाठीच सांगतो."

"मी तेवीस वर्षं लिहून देतोय, साहेब. तो पाळण्यात होता तेव्हापासून."

"पाठीमागे जोडलेलं आहे, मला माहितीय," साहेब म्हणाले. "फार पद्धतशीर काम आहे तुमचं."

मास्तर बाहेर आले आणि खुर्चीत बसले. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं, मग पुन्हा काढलं, काढतच राहिले. माझ्या अंगाची लाही लाही होत होती, पण कुणावर ओरडायचं ते ठरत नव्हतं. यादीत माझंही नाव होतं ना.

तिसऱ्या दिवशी चिरंजीव गेले. मी निरोपाला गेले होते. बॅगेत वहिनींनी मोजे भरले, काढले, पुन्हा भरले. पोरगा हसत होता, बापाला म्हणत होता, "बाबा, सहा महिने तर आहेत. तुम्ही तोंड का पाडताय? तुम्ही थोडंच पाठवताय मला?" मास्तरांनी बॅगेचा पट्टा आवळला. त्यानंतर दारातून वळून वहिनींनी मला विचारलं, "बाई, तुमच्या एवढ्या मोठ्या ऑफिसात दोननं भागता येणारा एकही माणूस नाही का हो?"

पोराची नेमणूक सीमेवरच्या एका टेकडीवर झाली. समोरच्या दरीतून पलीकडची मालगाडी जाते, ती दुर्बिणीतून बघायची आणि वाघिणी मोजायच्या. लिफ्टवाल्याला हे काम का? तर अर्जात वडिलांच्या नोकरीपुढे आमच्या कार्यालयाचं नाव होतं. घराणं मोजणाऱ्यांचं, मुलगाही मोजेल. सुताराच्या मुलाला त्यांनी कदाचित जंगल मोजायला दिलं असेल.

पाचव्या महिन्यात टेकडीवरचे तक्ते आमच्याकडे आले. छापील तक्ता, एकच रकाना, 'एकूण वाघिणी'. मास्तरांनी पाकीट फोडलं आणि पहिलंच पान बघून उभे राहिले. पोरानं त्या रकान्याच्या मधोमध फूटपट्टीनं रेघ मारली होती. डावीकडे लिहिलं होतं 'भरलेल्या', उजवीकडे 'रिकाम्या'. रोजचे आकडे, चार महिने, एक दिवस न चुकता. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'स्प्रिंग दबलेली दिसली तरच भरलेली धरली आहे.'

"बाई, बघा," मास्तर म्हणाले. "निम्म्याला निम्मे. चार-सहा वाघिणींचासुद्धा फरक नाही. कार्ट्यानं भागाकार करून पाठवला!"

सव्वीस वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मीही हसले, डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं नाही. आता कागद होता, शाईत होता, सरकारी तक्त्यावर होता. आम्ही दोघंही आत गेलो.

साहेबांनी बेरीज केली, ती वर्षाच्या आणि पलीकडच्या सगळ्या मार्गांच्या हिशेबानं जमेल तशी गुणली. मग चेहरा उजळला. "एकूण वाघिणी घेतल्या तर बरोबर एकशे बेचाळीस येतात! शाब्बास. हा चौथा स्रोत, आणि तोही प्रत्यक्षदर्शी."

"साहेब, पण त्यातल्या निम्म्या रिकाम्या आहेत," मास्तर म्हणाले. "ही रेघ बघा."

साहेबांनी रेघ पाहिली, मग निरीक्षकाचं नाव पाहिलं. आडनाव वाचून थांबले. "हा तुमचा मुलगा?"

"हो."

"मग असं आहे, मास्तर. एकूणचा रकाना छापील आहे, तो सरकारी. मधली रेघ हातानं मारलेली आहे, ती खाजगी. आणि मारणारा तुमचा मुलगा. हा स्रोत स्वतंत्र धरता येणार नाही."

"तोच कागद? बेरजेला स्वतंत्र आणि भागाकाराला नाही?" मी विचारलं. मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"बाई, तुम्ही टायपिंगचं बघा," साहेब म्हणाले.

बघायला सांगितलं की मी बघते, हे साहेबांना अजून माहीत नव्हतं.

चौथ्या स्रोतामुळे धोका पक्का झाला आणि पोराची मुदत आणखी वर्षभर वाढली. म्हणजे स्वतःच्या मोजणीनं स्वतःलाच टेकडीवर बसवलं त्यानं. दरीतून अजून एकही रणगाडा गेलेला नाही. कोळसा जातो, रिकाम्या वाघिणी परत येतात. पण आता राखीव जवान पलीकडेही बोलावलेत, आमचे बोलावले म्हणून. मास्तरांच्या शेवटच्या महिन्यात अंधूक प्रकाशात कुणीतरी कुणावर तरी गोळी झाडली आणि पोराच्या शेजारच्या टेकडीवरचा एक जण पायानं अधू होऊन घरी गेला. ती बातमी आली त्या दिवशी मास्तरांनी डबा उघडलाच नाही.

निवृत्तीचा समारंभ महिनाअखेरीला झाला. त्याच दिवशी चिरंजीव चोवीस वर्षांचे झाले, आणि त्याच संध्याकाळी वार्षिक अहवालही जायचा होता. वहिनी पुढच्या रांगेत बसल्या होत्या आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांनी पर्स ठेवली होती, कुणी बसू नये म्हणून. माझ्या सात ओळी वाचून झाल्या. मग साहेबांनी भाषण केलं, "देशाला एकशे बेचाळीसचा आकडा देणारा माणूस" म्हणाले आणि मास्तरांना पितळेची छोटी वाघीण भेट दिली. मास्तरांनी सवयीनं ती उलटी करून स्प्रिंग बघितली.

त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "त्याला दोननं भागायचं राहिलंय." आणि बसले.

सगळे खो खो हसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर इतके विनोदी आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं, असं दोघातिघांनी मला येऊन सांगितलं. वहिनी पर्स मांडीवर घेऊन सरळ समोर बघत होत्या.

मी वर आमच्या कक्षात गेले. अहवालाचा मसुदा मास्तरांनी सकाळीच माझ्या टेबलावर ठेवला होता. साहेबांच्या हुकमाप्रमाणे शाईत 'एकशे पंचेचाळीस' आणि शेजारी, चोवीस वर्षांपूर्वीसारखंच, पेन्सिलीत 'भागिले दोन'. मी खुर्ची ओढली आणि दोन्ही टाइप केलं. आकडा, भागिले दोन, बरोबर साडेबहात्तर. वेगळ्या ओळीत, ठळक. पाचला पाच मिनिटं कमी असताना अहवाल वर गेला.

चार दिवसांनी तो परत आला. लाल शाईत शेरा होता, 'टंकलेखनातील चूक. दुरुस्त करून तात्काळ सादर करावे. संबंधितांनी खुलासा द्यावा.' मास्तरांचं टेबल रिकामं आहे, संबंधित आता मीच. दुरुस्त केल्याशिवाय अहवाल स्वीकारला जात नाही, आणि अहवाल पोचल्याशिवाय समितीला राखीव जवानांची मुदत पुन्हा वाढवता येत नाही, असं आमचा शिपाई म्हणतो. शिपायाला नियम साहेबांपेक्षा जास्त माहीत असतात. खरं खोटं बघू. तोवर मी काही दुरुस्त करत नाही.

खुलासा लिहिलाय. शाईनं लिहिलाय, म्हणजे तो सरकारी आहे. 'चूक मान्य आहे. मास्तर "एवढं बघा" म्हणाले होते. बघायला मला चोवीस वर्षं लागली.'